तीन रंगांचे दादासाहेब

गेली दीड वर्षे मी वर्गात उजवा हात बाकाखाली ठेवून बसत आलो आहे. यामागचे कारण आज सांगून टाकतो. सायंकाळी पाच ते नऊ मी लग्नपत्रिका छापण्याच्या एका दुकानात काम करतो. तिथल्या शाईचे डाग थिनरने कितीही पुसले तरी नखांच्या कडेला राहतातच. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. वडील लोणावळ्यात एका बंगल्यावर रखवालदार आहेत आणि घरची अर्धा एकर भातशेती आई पाहते. माझी फी त्या शाईतून निघते. तरीही पहिल्या वर्षी कोणीतरी माझ्या नखांकडे पाहून हसले आणि तेव्हापासून तो हात बाकाखाली गेला तो गेलाच.

यंदा आपल्या वार्षिकांकाचे मुखपृष्ठ जाड कागदावर स्क्रीन प्रिंटिंगने छापायचे ठरले. या छपाईत प्रत्येक रंगासाठी वेगळी फ्रेम करावी लागते आणि प्रत्येक रंगाचा वेगळा हात मारावा लागतो. म्हणून जितके रंग तितका खर्च. अंदाजपत्रक पाहता तीनच रंग परवडणार होते. माझ्या कामाची कुणकुण सरांना कोठून लागली कोण जाणे, पण मुखपृष्ठ त्यांनी माझ्यावर सोपवले. मी कार्ल्याच्या चैत्यगृहाची पिंपळपानासारखी कमान काढली आणि तीन रंग निवडले. हळदीचा पिवळा, कुंकवाहून गडद असा तांबडा, आणि चुलीच्या धुराने माखलेल्या तुळईसारखा काळपट तपकिरी.

संपादक मंडळातल्या मित्रमैत्रिणींना ते मुळीच रुचले नाही. मावळ म्हटला की हिरवा हवा, आकाश म्हटले की निळे हवे, हे कसले अंधारे चित्र, असा एकंदर सूर होता. मला उत्तर देता आले नाही. रंग डोळ्यांना बरे वाटले म्हणून निवडले, एवढेच मी म्हणू शकलो. तेव्हा सरांनी सांगितले की आवड ही काही सबब होत नाही. रंगांचे काम ज्यांनी आयुष्यभर केले त्यांच्याविषयी वाच आणि मग येऊन मांड.

ग्रंथालयात मी रंगांची पुस्तके शोधत गेलो आणि हाती आले ते एका अशा माणसाचे चरित्र, ज्याचे नाव मला सिनेमाच्या पुरस्कारामुळे ठाऊक होते. धुंडिराज गोविंद फाळके, अर्थात दादासाहेब फाळके. त्यांच्या चित्रपटाविषयी शाळेत ऐकले होते. पण चित्रपटाच्या आधी हा गृहस्थ छपाईवाला होता आणि त्याचा छापखाना आपल्या लोणावळ्यात होता, हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून क्षणभर स्वस्थ बसलो. दुकानातून सुटल्यावर ज्या गावातून मी रोज सायकल हाकतो, त्याच गावात हा माणूस नखांत शाई घेऊन हिंडला असेल! ही गोष्ट आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? मला तरी नव्हती. म्हणून हा लेखनप्रपंच.

धुंडिराजांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. वडील गोविंद सदाशिव ऊर्फ दाजीशास्त्री हे संस्कृतचे व्युत्पन्न पंडित. अशा घरातल्या मुलाने वेद म्हणावेत, शास्त्री व्हावे, पौरोहित्य करावे, हीच त्या काळची रीत. पुढे दाजीशास्त्री मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात संस्कृत शिकवू लागले आणि कुटुंब मुंबईस आले. धुंडिराजांचा ओढा पहिल्यापासून चित्राकडे होता. १८८५ मध्ये ते जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. शास्त्र्याचा मुलगा पोथी सोडून पेन्सिल घेऊन बसला, ही गोष्ट आज किरकोळ वाटते. परंतु ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या एकच विद्या चालत आली तिथे दुसरी विद्या धरणे किती कठीण असते, हे पहिल्यांदा वही घेऊन घराबाहेर पडलेल्या कोणासही विचारावे.

थोरले बंधू शिवरामपंत बडोद्यास होते. त्यांच्या आधाराने धुंडिराज बडोद्यास गेले. सयाजीराव महाराजांच्या राज्यात प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांच्या प्रयत्नाने १८९० मध्ये कलाभवन ही संस्था उभी राहिली होती. हातातली कला आणि कारखान्यातली विद्या एकाच छपराखाली शिकवायची, असा तिचा हेतू. येथे धुंडिराजांनी तैलरंग शिकले, जलरंग शिकले, मातीकाम शिकले, वास्तुकलेचा अभ्यास केला आणि छायाचित्रण हाती घेतले. १८९२ मध्ये अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात त्यांनी केलेल्या आदर्श नाट्यगृहाच्या प्रतिकृतीला सुवर्णपदक मिळाले. या विद्यार्थ्याची चिकाटी पाहून गज्जरांनी त्याला रतलामला धाडले, ते तीनरंगी ठसे करण्याची आणि फोटो-लिथोची विद्या शिकण्यासाठी. त्या वेळी धुंडिराज विशी ओलांडत होते, म्हणजे माझ्याहून थोडेच मोठे!

ही तीनरंगी छपाई म्हणजे काय, हे येथे थोडक्यात सांगणे अवश्य आहे, कारण पुढची सगळी कथा तिच्याभोवती फिरते. एखाद्या रंगीत चित्राचे तीन वेगवेगळ्या रंगांच्या काचांतून तीन फोटो घ्यायचे. निळ्या काचेतून घेतलेल्या फोटोवरून पिवळ्या शाईचा ठसा होतो, हिरव्या काचेतल्यावरून तांबड्या शाईचा, आणि तांबड्या काचेतल्यावरून निळ्या शाईचा. प्रत्येक फोटो बारीक जाळीतून घेतल्याने त्याचे लहानमोठे ठिपके होतात. हे तीन ठसे एकाच कागदावर एकावर एक असे नेमके जुळवून छापले की डोळ्याला शेकडो रंग दिसू लागतात. जुळणी केसभर चुकली तर नाकाच्या शेजारी दुसरे नाक उमटते. आमच्या दुकानात यालाच रजिस्टर हलणे म्हणतात. गणपतीची सोंड पिवळ्यात एकीकडे आणि तांबड्यात दुसरीकडे गेली की आख्खा गठ्ठा बाद होतो आणि मालकांची बोलणी खावी लागतात.

यात एक मौज अशी की सुरुवातीच्या या छपाईत काळी शाई मुळी नसेच. तिन्ही शाया जिथे दाटीने एकमेकींवर बसतील तिथे जो काळोख तयार होई, तोच त्या चित्रातला काळा. आणि तो खरा काळा नसे, तपकिरीकडे झुकलेला असे. सावली अधिक खोल यावी म्हणून चौथा, काळा ठसा वापरण्याची पद्धत नंतर रूढ झाली. हे वाचले आणि माझ्या तपकिरी रंगाला पहिला आधार सापडला. उबदार रंगांच्या शेजारी निव्वळ काळा ठेवला तर तो परक्यासारखा वेगळा उभा राहतो. तपकिरीत मात्र पिवळ्याचाही अंश असतो आणि तांबड्याचाही, म्हणून तो त्यांच्याच घरातला वाटतो.

आता पुन्हा चरित्राकडे वळू. १८९५ च्या सुमारास धुंडिराज गोध्र्याला छायाचित्रकार म्हणून व्यवसाय करू लागले. संसार थाटला होता, मूल झाले होते. तोच प्लेग आला. १८९६ मध्ये मुंबईत शिरलेली ती साथ गावोगाव पसरत होती. गोध्र्यात तिने धुंडिराजांची पत्नी आणि मूल दोघांनाही नेले. तिशीच्या उंबरठ्यावर हा माणूस एकटा बडोद्यास परतला. तिथेही छायाचित्रणाचा धंदा चालेना, कारण कॅमेऱ्यासमोर बसले की आयुष्य घटते अशी लोकांची समजूत होती. मग त्यांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले. एका परदेशी जादूगाराकडून जादूचे प्रयोगही शिकून घेतले. पुढे ते आपल्याच आडनावाची अक्षरे उलटी करून प्राध्यापक केळफा या नावाने जादू दाखवीत. दुःखाने काहींचे हात गळून पडतात, काहींचे हात आणखी एक काम शिकतात. धुंडिराज दुसऱ्या प्रकारचे होते.

१९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. करंदीकरांच्या गिरिजाबाई लग्नानंतर सरस्वतीबाई झाल्या. या बाईंचे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. १९०३ मध्ये धुंडिराजांना पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून नोकरी मिळाली. सरकारी नोकरी, ठरलेला पगार! आमच्या गावात अशी नोकरी मिळालेल्याची वरात काढतील. परंतु १९०५ मध्ये वंगभंग झाला, स्वदेशीचे वारे सुटले, आणि १९०६ मध्ये या गृहस्थांनी नोकरीचा राजीनामा दिला. भांडारकर यांच्या भागीदारीने त्यांनी लोणावळ्यास फाळके एन्ग्रेव्हिंग अँड प्रिंटिंग वर्क्स या नावाने छापखाना काढला.

लोणावळाच का? याचे उत्तर लोणावळ्याच्या पुढच्या स्टेशनात आहे. त्या स्टेशनाचे नाव मळवली. कार्ला आणि भाजे लेण्यांना जाणारे प्रवासी तिथे उतरतात. चित्रकार राजा रविवर्मा यांनी आपली चित्रे घरोघर जावीत म्हणून १८९४ मध्ये मुंबईत शिळाछपाईचा कारखाना काढला होता. १८९९ मध्ये तो मळवलीला आला. पुढे रविवर्म्यांनी तो तिथल्या जर्मन तंत्रज्ञाला, फ्रिट्झ श्लायशर यांना विकला. लोहगड-विसापूरच्या पायथ्याशी, भातखाचरांच्या शेजारी, बव्हेरियातून आणलेल्या चुनखडीच्या शिळांवर लक्ष्मी आणि सरस्वती छापल्या जात होत्या! शिळेवर तेलकट खडूने चित्र काढायचे, शिळा पाण्याने ओली करायची, मग शाई फिरवायची. पाणी शाईला दूर ठेवते आणि तेलकट रेघ शाई धरते. एका रंगाला एक शिळा, असे करीत एका चित्रासाठी कितीतरी शिळा लागत. दादासाहेबांच्या लोणावळ्याच्या छापखान्यात मुख्यतः या मळवलीच्या कारखान्यासाठी फोटो-लिथोचे काम होई. चित्राचा फोटो घेऊन तो शिळेवर उतरवता येईल असा करून द्यायचा, असे त्याचे स्वरूप. जोडीला हाफटोन ठसे आणि तीनरंगी छपाईही सुरू झाली.

ते वाचले त्या रात्री मी आमच्या देवघरासमोर जरा जास्त वेळ उभा राहिलो. आजीने सासरी येताना आणलेली लक्ष्मीची तसबीर तिथे आहे. खाली बारीक अक्षरांत रविवर्मा प्रेसचे नाव आहे. इतकी वर्षे मी तिला केवळ नमस्कार केला होता, पाहिली कधीच नव्हती. समईच्या काजळीने आणि चुलीच्या धुराने काचेच्या आतला कागदही पिकला आहे. तिच्यातला निळा आणि हिरवा कुठेतरी बुडून गेला आहे. उरले आहेत ते तीनच रंग. दागिन्यांचा पिवळा, लुगड्याचा तांबडा आणि भोवतीचा तपकिरी काळोख. मी मुखपृष्ठासाठी जे रंग निवडले ते माझ्या मनात कोठून आले, हे मला तेव्हा कळले. लहानपणापासून रोज संध्याकाळी दिवा लावताना ते माझ्या डोळ्यांसमोर होते.

धंदा वाढला तसा दादासाहेबांचा छापखाना लोणावळ्याहून मुंबईला दादरला गेला. १९०८ मध्ये पुरुषोत्तम मावजी हे भागीदार झाले आणि लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स असे नवे नाव पडले. रंगीत छपाईसाठी जर्मनीची यंत्रसामग्री आली. मावजींच्या सुवर्णमाला या सचित्र मासिकाची सजावट दादासाहेबांनी केली. कामाला नाव मिळाले. पण भागीदारांचे पटेना. अखेर १९११ मध्ये दादासाहेब स्वतः वाढवलेल्या छापखान्यातून रिकाम्या हातांनी बाहेर पडले. वय ४१. पदरी मुलेबाळे, आणि जवळ विद्येखेरीज काही नाही.

याच सुमारास त्यांनी मुंबईत गिरगावातल्या तंबूवजा चित्रगृहात ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त हलताना पाहून त्यांना आपले राम आणि कृष्ण हलताना दिसू लागले. विचार करा, ज्याने कित्येक वर्षे देवादिकांची चित्रे कागदावर उतरवली त्याला हे दिसणे किती स्वाभाविक होते! त्यानंतर त्यांनी चित्रपट पाहण्याचा, अभ्यासण्याचा इतका ध्यास घेतला की डोळे अधू झाले आणि काही काळ दिसेनासे झाले. रंगांवर जगणाऱ्या माणसाची दृष्टी जावी, याहून मोठी आपत्ती कोणती? डॉक्टर प्रभाकर यांच्या उपचाराने ती परत आली. आणि परत आलेल्या दृष्टीने हे गृहस्थ विश्रांती घेण्याऐवजी विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून फेब्रुवारी १९१२ मध्ये विलायतेस निघाले.

लंडनजवळ सेसिल हेपवर्थ यांच्या चित्रशाळेत त्यांनी काम पाहून घेतले, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा विकत घेतला आणि दोन महिन्यांत ते परत आले. सावकाराची खात्री पटावी म्हणून त्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्या वाढीची छायाचित्रे रोज घेत गेले. बी रुजते, कोंब फुटतो, वेल वर चढते, हे सारे मिनिटभरात पडद्यावर दिसले. अंकुराची वाढ हे त्या छोट्या चित्रपटाचे नाव. शेतकऱ्याच्या मुलाला हे वाचून विशेष वाटते. जी गोष्ट आम्ही बांधावर बसून महिनोन्‌महिने पाहतो, ती या माणसाने भांडवल उभे करण्यासाठी तारण म्हणून दाखवली!

मग दादरला राजा हरिश्चंद्र सुरू झाला. स्त्रीची भूमिका करण्यास कोणी स्त्री तयार होईना. तारामती झाले ते एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके. दत्तात्रय दामोदर दाबके हरिश्चंद्र झाले आणि दादासाहेबांचा मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. सरस्वतीबाईंनी दागिने दिले, साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक रांधला, उन्हात पांढरी चादर धरून उजेड परतवला आणि रात्री अंधारात बसून फिल्मच्या कडेला भोके पाडली. चित्रपटाच्या श्रेयनामावलीची पद्धत तेव्हा असती तर निम्मी नावे त्यांचीच लिहावी लागली असती. २१ एप्रिल १९१३ रोजी निमंत्रितांसाठी आणि ३ मे १९१३ रोजी कोरोनेशन चित्रगृहात सर्वांसाठी राजा हरिश्चंद्र दाखवला गेला. त्यातली दृश्यरचना रविवर्म्याच्या चित्रांची आठवण करून देते, असे अभ्यासक सांगतात. मला त्याचे नवल वाटत नाही. लोणावळ्यात ज्या चित्रांचे ठसे हाताखालून गेले, ती हातातून जाणार कशी?

पुढचा इतिहास बहुतेकांना ठाऊक आहे. दादासाहेबांनी बिऱ्हाड नाशिकला हलवले. मोहिनी भस्मासुर मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनी काम केले. १९१७ च्या लंकादहन मध्ये साळुंक्यांनी राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या. १९१८ मध्ये हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली, श्रीकृष्णजन्म आला. १९१९ च्या कालियामर्दन मध्ये दादासाहेबांची कन्या मंदाकिनी कृष्ण झाली. पण येथेही भागीदारांशी बिनसले. ते काशीस जाऊन राहिले, रंगभूमी नावाचे नाटक लिहिले, पुन्हा परतले. तोवर काळ बदलला होता. बोलपट आला आणि मूकपटाचा जनक मागे पडला. १९३७ चा गंगावतरण हा त्यांचा एकमेव बोलपट आणि तोच शेवटचा. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्याभोवती ना वैभव होते ना गर्दी. त्यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार १९६९ मध्ये सुरू झाला, म्हणजे पंचवीस वर्षांनी. मळवलीचा तो कारखानाही १९७२ मध्ये आगीत सापडला.

हे सारे मी एका रात्री जेवताना घरी सांगितले. वडील शांतपणे ऐकत होते. शेवटी त्यांनी एकच गोष्ट विचारली, की एवढे करून त्या माणसाला मिळाले काय? मला उत्तर देता आले नाही. वडिलांचा प्रश्न वायफळ नव्हता. दुकानाच्या मालकांनी मला पूर्ण वेळ कामावर ये, पगार दुप्पट करतो असे सांगितले होते. वडिलांच्या मनात तेच होते. दोन वर्षे शिकून झाले, आता हातात कसब आहे, मग तिसऱ्या वर्षाची फी कशाला? उलट माझ्या मनात दुकानच सोडावे असे घोळत होते, कारण मला तो हात लपवायचा कंटाळा आला होता. एकाला शाई हवी होती, दुसऱ्याला नको होती, आणि दोघांच्याही हिशेबात दोन्ही गोष्टी एकत्र बसत नव्हत्या.

दोन दिवस मी दादासाहेबांच्या आयुष्याचा पुन्हा हिशेब मांडला. त्यांनी पैसा साठवला नाही, हे खरे. भागीदार निवडण्यात ते चुकले असतील, हेही मान्य. व्यवहारात मी त्यांचा कित्ता गिरवणार नाही. पण एक गोष्ट लक्षात आली. त्यांनी शिकलेले काहीच वाया गेले नाही. नाटकाचे पडदे रंगवले ते चित्रपटाच्या देखाव्यांना उपयोगी पडले. जादू शिकले ती पडद्यावरच्या चमत्कारांत आली. अंधाऱ्या खोलीत ठसे धुतले ते फिल्म धुताना कामी आले. पुस्तकातली विद्या आणि हाताची विद्या अशी भिंत त्यांनी कधी घातलीच नाही. भिंत आपण घालतो, आणि मग एक हात बाकाखाली ठेवतो.

मी वडिलांना सांगितले की तिसरे वर्ष पुरे करीन आणि दुकानही सोडणार नाही. मालकांशी बोलून रविवारचे काम वाढवून घेतले. वडील हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. आमच्या घरी याचा अर्थ परवानगी असा होतो.

संपादक मंडळापुढे मी पुन्हा गेलो तेव्हा तीन गोष्टी मांडल्या. पहिली अशी की तीनच रंग असताना तिघांनी समान जागा मागितली तर भांडण होते. म्हणून पिवळा थोडा, फक्त जिथून उजेड येतो त्या कमानीच्या पोटात. तांबडा त्याहून जास्त, कातळाचा. तपकिरी सर्वांत जास्त, कारण काळोख मोठा असला तरच दिवा दिसतो. दुसरी अशी की शाई थोडी पारदर्शक ठेवून पिवळ्यावर तांबडा मारला की केशरी आपोआप मिळतो. खर्च तीन रंगांचा, चित्र चार रंगांचे. तिसरी अशी की मावळ हिरवा दिसतो तो पाहुण्यांना, पावसाळ्यात. आम्ही घरात जो मावळ पाहतो तो चुलीपाशी, समईपाशी, भाताच्या पेंढ्यांत आणि नाचणीच्या भाकरीत असतो, आणि त्याचे रंग हेच आहेत. बराच वाद झाला. एका मैत्रिणीचे मत अखेरपर्यंत निळ्याच्या बाजूने राहिले, आणि तिचे म्हणणे अगदीच चुकीचे आहे असे मी म्हणणार नाही. पण मंडळाने तीन रंगांना मान्यता दिली.

छपाई मी स्वतः केली. आधी पिवळा, तो वाळल्यावर तांबडा, शेवटी तपकिरी. पहिल्या पंधरा प्रतींत रजिस्टर हलले. त्या प्रती माझ्याजवळ आहेत, कोणाला पाहायच्या असल्यास जरूर दाखवीन. उरलेल्यांपैकी एक आपल्या हातात आहे. एक प्रत मी घरी नेली. वडिलांनी ती दिव्याजवळ धरली, उलटीसुलटी पाहिली, आणि काही न बोलता देवघरात लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी टेकवून ठेवली. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मला अजूनही देता येत नाही. पण तो प्रश्न त्यांनी पुन्हा विचारलेला नाही.

लोणावळ्याला येणारे लोक चिक्की घेऊन परततात. पुढच्या वेळी मळवली स्टेशनावरून गाडी जाईल तेव्हा खिडकीबाहेर एकदा पाहावे, एवढीच विनंती. याच पट्ट्यात शिळांवर देव छापले गेले, आणि याच पट्ट्यात एका माणसाने तीन शाया एकावर एक जुळवता जुळवता चालत्या चित्रांपर्यंतची वाट धरली. त्या शाईने माखलेल्या हातांना माझे विनम्र अभिवादन. आणि सांगायचे राहिलेच, हा लेख मी उजवा हात बाकावर ठेवून लिहिला आहे.

— द्वितीय वर्ष, कला शाखा